व्हॉइसमेलवर निरोप कसा ठेवावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काही वर्षं रोज सकाळी एका कार्यालयाच्या व्हॉइसमेलमधले निरोप ऐकून ते वहीत उतरवणं हे माझं काम होतं. एका हातात फोन, दुसऱ्या हातात पेन. त्या वहीच्या कितीतरी पानांवर नंबराच्या जागी मी 'शेवटचे दोन आकडे कळले नाहीत' असं लिहिलेलं आहे. त्या माणसांना परत फोन गेला नाही, आणि आपल्याला उत्तर का आलं नाही हे त्यांना कधी कळलंही नसेल. मला अजून त्याची रुखरुख वाटते. पुढची बरीचशी उत्तरं त्या वहीतूनच आलेली आहेत.

मिस्ड कॉल दिसतोच की. मग निरोप ठेवायचाच कशाला?

मिस्ड कॉलवरून 'कोणीतरी फोन केला होता' एवढंच कळतं. का केला, घाई आहे का, परत फोन करायचाय की नुसतं ऐकून घ्यायचंय, यातलं काही कळत नाही. शिवाय नकोशा कॉलना कंटाळलेली माणसं अनोळखी नंबरावर सहसा परत फोन करत नाहीत. समोरच्याकडे तुमचा नंबर नसेल तर निरोप ठेवाच.

घरच्या माणसासाठी नाही ठेवला तरी चालतं. पण ठेवलात तर 'मी फोन केला होता, फोन कर' एवढंच बोलून सोडू नका. अशा अर्धवट निरोपाने, विशेषतः वडीलधाऱ्यांच्या, जिवाला घोर लागतो. 'सगळं ठीक आहे, सहज केला होता' एवढं जोडलं की पुरे.

यंत्राशी बोलताना मी अडखळतो. एरवी तर नीट बोलतो. असं का होतं?

कारण पलीकडून हुंकार येत नाही. फोनवर बोलताना समोरचा 'हं', 'बरं', 'मग?' म्हणत असतो आणि त्या आधारावर आपण पुढचं वाक्य जुळवतो. बीपनंतर तो आधार एकदम निघून जातो. मग शांतता भरून काढायला 'म्हणजे', 'ते आपलं', 'काय आहे ना' सुरू होतं. हा दोष तुमचा नाही. डेन्मार्कच्या वाल्डेमार पौल्सेन यांनी १८९८ साली तारेवर चुंबकीय पद्धतीने आवाज साठवणाऱ्या टेलिग्राफोनचं पेटंट घेतलं. फोन उचलायला कोणी नसताना निरोप टिपला जावा, हा त्यामागचा एक हेतू होता. माणूस तेव्हापासून हुंकाराशिवाय बोलायला शिकतोच आहे.

उपाय साधा आहे. फोन लावण्याआधी कागदावर चार शब्द लिहा: कोण, कशासाठी, काय हवंय, कधीपर्यंत. पूर्ण वाक्यं लिहू नका, ती वाचल्यासारखी ऐकू येतात. आणि हे फोन लावण्याआधी करा. समोरचा उचलणारच असं धरून आपण फोन लावतो, आणि बीप वाजली की डोकं कोरं होतं.

निरोप किती मोठा असावा?

साधारण अर्धा मिनिट. सावकाश बोललं तर तेवढ्यात साठ-सत्तर शब्द बसतात आणि बहुतेक कामांना ते पुरतात. एक मिनिटाच्या पुढे निरोप जात असेल तर त्यात दोन कामं एकत्र झालेली असतात. तेव्हा मुख्य काम सांगा आणि 'आणखी एक गोष्ट आहे, ती बोलू तेव्हा सांगतो' म्हणा.

२००७ साली आयफोन आला तेव्हापासून फोनच्या पडद्यावर निरोपांची यादी दिसायला लागली. कोणाचा निरोप, किती लांबीचा, हे ऐकण्याआधीच दिसतं. पंचवीस सेकंदांचा निरोप माणूस चालता चालता ऐकून टाकतो. तीन मिनिटांचा दिसला की 'संध्याकाळी बघू' होतं.

कोणत्या क्रमाने बोलावं?

नाव, ओळख, नंबर, काम, अपेक्षा, पुन्हा नाव आणि नंबर. खरा फरक कळायला दोन निरोप शेजारी ठेवून बघा. पहिला असा:

"हॅलो... हॅलो? बरं. मी बोलतोय, ते आपलं मागे बोलणं झालं होतं ना, त्या कामाचं, तर ते अजून तसंच आहे. म्हणजे थोडं वाढलंय. तर बघा जरा आणि फोन करा. माझा नंबर..." आणि इथे एका दमात दहा आकडे.

आता तोच माणूस, तेच काम:

"नमस्कार. मी (पूर्ण नाव) बोलतोय. मागच्या आठवड्यात सिंकखालचा पाइप बघायला तुम्ही आमच्याकडे आला होतात. माझा नंबर (सावकाश). तो पाइप पुन्हा गळायला लागलाय. खाली बादली ठेवली आहे, त्यामुळे आज नाही आलात तरी चालेल. गुरुवारी किंवा शुक्रवारी सकाळी अकराच्या आत येता येईल का, एवढं आज संध्याकाळपर्यंत कळवा. मेसेज केलात तरी चालेल. पुन्हा सांगतो, (नाव), नंबर (सावकाश)."

मला यातलं सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू? ती बादली. 'अर्जंट आहे' किंवा 'घाई नाही' असं न म्हणता, परिस्थिती काय आहे ते त्या एका वाक्यातून कळतं. ऐकणाऱ्याला आपलं काम मागे-पुढे लावता येतं. आणि 'मेसेज केलात तरी चालेल' हेही महत्त्वाचं. सारखं कामात असलेल्या माणसाला त्यामुळे उत्तर देणं सोपं जातं.

नंबर नेमका कसा सांगायचा?

याच्यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण माझ्या वहीतल्या बहुतेक चुका इथेच झालेल्या होत्या.

आपला नंबर आपल्या तोंडात इतका बसलेला असतो की तो एखाद्या शब्दासारखा बाहेर पडतो. ऐकणारा मात्र तो पहिल्यांदाच ऐकत असतो आणि बरोबरीने लिहीतही असतो. म्हणून बोलण्याच्या वेगाने नको, लिहिण्याच्या वेगाने सांगा. माझी युक्ती अशी: नंबर सांगताना टेबलावर बोटाने तो आकडा लिहायचा. बोट उचललं की पुढचा आकडा. वेग आपोआप बरोबर येतो.

तीन, तीन आणि चार असे तुकडे करा आणि मध्ये श्वास घ्या. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली लिहिलेल्या एका गाजलेल्या लेखात, माणसाच्या तात्पुरत्या स्मरणात एका वेळी साधारण सात गोष्टी मावतात, दोन इकडे की दोन तिकडे, असं मांडलं होतं. दहा आकडे सलग आले की पहिले लिहीपर्यंत शेवटचे निसटतात.

आता मराठीची खास अडचण. नंबर जोडीने सांगू नका. 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर', 'सहासष्ट' आणि 'सदुसष्ट', 'पंच्याऐंशी' आणि 'पंच्याण्णव' खरखरत्या आवाजात वेगळे करता येत नाहीत. त्यातून आपण एकक आधी उच्चारतो: 'पंचवीस' म्हणताना पाच आधी ऐकू येतात आणि लिहायचे दोन आधी असतात. घाईत लिहिणाऱ्याचा हात तिथे हमखास चुकतो. एकेक आकडा सुटा सांगा: दोन, पाच.

'दोन आठ' म्हणजे अठ्ठावीस, की आठ दोनदा? मी दोन्ही लिहून ठेवायचे आणि मग दोन्ही नंबर लावून बघायचे. 'आठ, आठ' असं सरळ म्हणा. 'सहा' आणि 'दहा', 'सात' आणि 'साठ' यांचाही घोळ होतो, पण सगळे आकडे शून्य ते नऊमधलेच सुटे सांगितले की ऐकणाऱ्याला दहा आणि साठ धरायचं कारणच उरत नाही.

अर्धा नंबर मराठीत आणि अर्धा इंग्रजीत, असंही करू नका. इंग्रजीतला 'नाइन' आणि 'फाइव्ह' एकमेकांसारखे ऐकू येतात. वैमानिक रेडिओवर नऊला 'नायनर' म्हणतात ते त्यासाठीच. आपले 'नऊ' आणि 'पाच' कितीही खरखर असली तरी मिसळत नाहीत. इथे मराठी चक्क सरस आहे.

नंबर सुरुवातीलाच का? सगळे शेवटी सांगतात.

कारण ऐकणाऱ्याला पेन सापडलं की तो निरोप पहिल्यापासून लावतो. नंबर सुरुवातीला असेल तर दहा सेकंदांत त्याचं काम होतं. फक्त शेवटी असेल तर पुन्हा सगळं ऐकावं लागतं, आणि शेवटीही नीट कळला नाही तर तिसऱ्यांदा. दोन्हीकडे सांगितला की दोन्ही जुळवून बघता येतात.

माझा नंबर त्यांना दिसतच असेल ना?

नेहमी नाही. तुम्ही कार्यालयातून फोन केला असेल तर पलीकडे मुख्य नंबर दिसतो, तुमचं एक्स्टेंशन नाही. दुसऱ्याच्या फोनवरून केला असेल तर त्याचाच नंबर दिसतो. आणि निरोप ऐकणारी व्यक्ती आणि परत फोन करणारी व्यक्ती वेगळी असू शकते. मी निरोप ऐकायचे आणि चिठ्ठी लिहून पुढे द्यायचे. चिठ्ठीवर नंबर आपोआप उमटत नाही.

माझं आडनाव दर वेळी चुकीचं लिहिलं जातं. मी तर स्पष्ट बोलते.

तुम्ही स्पष्टच बोलत असाल. फोनची तारच अरुंद आहे. जुन्या पद्धतीच्या टेलिफोन कॉलमध्ये साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाजाचा पट्टा पलीकडे जातो. 'स'चा शिसकारा मुख्यतः ४००० हर्ट्झच्या वर असतो, म्हणजे त्याचा बराचसा भाग वाटेतच गळतो आणि मग 'स', 'फ', 'श' यांच्यात गल्लत होते. 'म' आणि 'न', 'प' आणि 'ब' हेही तसेच. नव्या एचडी कॉलमध्ये पट्टा ७००० हर्ट्झपर्यंत रुंद झालाय, पण पलीकडची निरोप साठवणारी यंत्रणा जुनी असेल तर आवाज पुन्हा त्याच अरुंद वाटेने जातो.

म्हणून मोठ्याने बोलून उपयोग होत नाही. ओळखीचा शब्द जोडून उपयोग होतो: 'साने, समईतला स', 'माने, मगरीतला म'. पाटकर आणि पाटणकर यांच्यात घोळ होत असेल तर 'पाट-ण-कर, मध्ये बाणाचा ण' असं फोडून सांगा. इंग्रजी अक्षरं सांगायची असतील तर बी, डी, पी, टी, ई या सगळ्यांचा शेवट सारखाच होतो. तिथे वैमानिकांची 'अल्फा, ब्राव्हो, चार्ली' ही १९५६ पासून वापरात असलेली मालिका कामी येते. ती पाठ नसली तरी 'बी फॉर बॉल' चालतं.

ईमेलचा पत्ता मात्र व्हॉइसमेलवर सांगू नका. डॉट, अंडरस्कोर, मोठी अक्षरं, छोटी अक्षरं यात नक्की काहीतरी चुकतं. 'पत्ता मेसेजने पाठवतो' म्हणा आणि लगेच पाठवा.

दिवस आणि वेळ सांगताना काय जपायचं?

'आज', 'उद्या', 'मघाशी' हे शब्द बोलणाऱ्याच्या घड्याळाचे असतात. तुम्ही सोमवारी रात्री 'उद्या या' म्हणालात आणि त्याने मंगळवारी सकाळी ऐकलं, तर तो बुधवारी येईल. 'परवा' तर टाळाच. मराठीत तो मागचाही असतो आणि पुढचाही. 'परवा पाठवलेले कागद' आणि 'परवा पाठवायचे कागद' यांत फरक फक्त शेवटच्या शब्दाचा आहे, आणि नेमका तोच खरखरीत बुडतो. वार आणि तारीख दोन्ही सांगा: 'गुरुवार, बारा तारीख'. दोन्ही जुळले नाहीत तर ऐकणाऱ्याला निदान चूक झाल्याचं कळतं. 'साडेचार' ठीक आहे, पण आधी 'दुपारी' जोडा. निरोप कधी ठेवताय तेही सांगून टाका.

बोलताना चूक झाली तर?

शांतपणे 'चुकलं, पुन्हा सांगते' म्हणा आणि ते वाक्य पहिल्यापासून बोला. बऱ्याच यंत्रणांमध्ये बोलून झाल्यावर हॅश किंवा दुसरी एखादी कळ दाबली की निरोप ऐकण्याची, पुसून पुन्हा बोलण्याची सोय असते. कोणती कळ ते बीपच्या आधीच्या सूचनेत सांगतात. मात्र ही सोय नसताना फोन नुसता ठेवून दिला तर तुमचा अर्धा निरोप तसाच पलीकडे पोहोचतो. आणि फार वेळ थांबू नका. काही सेकंद शांतता पडली की बोलणं संपलं असं धरून कित्येक यंत्रणा रेकॉर्डिंग बंद करतात.

रस्त्यावरून ठेवला तर चालेल का?

शक्यतो नको. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. फ्रान्सचे कानतज्ज्ञ एतिएन लोंबार यांनी हे टिपलं होतं आणि १९११ सालच्या त्यांच्या लेखापासून हा परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. घरात शांतपणे निरोप ऐकणाऱ्याला तो चढा आवाज रागावल्यासारखा वाटतो. स्पीकरवर टाकून लांबून बोलू नका, चालता चालता बोलू नका, वाऱ्याकडे पाठ करा.

व्हॉइसमेलवर काय कधीच बोलू नये?

पासवर्ड, ओटीपी, कार्डाचा किंवा खात्याचा नंबर. तपासणीचे निकाल, आजारपणाचे तपशील, कोणाच्या पगाराची, घटस्फोटाची बोलणी. निरोप कोण ऐकेल ते तुमच्या हातात नसतं. फोन स्पीकरवर असतो, गाडीत मुलं बसलेली असतात, कार्यालयाची पेटी चौघं उघडतात. डॉक्टरांकडून किंवा वकिलांकडून निरोप ठेवणाऱ्यांनी 'तुमच्या कामाबद्दल बोलायचं आहे' एवढंच म्हणावं आणि थेट बोलता येईल असा नंबर द्यावा.

उलट बाजूही लक्षात घ्या. ओळखीच्या आवाजात 'ताबडतोब पैसे पाठव' असा निरोप आला तर पैसे पाठवण्याआधी त्या माणसाला, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरावर, स्वतः फोन करा. आवाजाची हुबेहूब नक्कल आता यंत्राला जमते.

मृत्यूची किंवा अपघाताची बातमी निरोपात सांगावी का?

नाही. ऐकणारा तेव्हा गाडी चालवत असेल, एकटा असेल, आणि विचारायला पलीकडे कोणी नसेल. 'मी अमुक. महत्त्वाचं बोलायचंय. ऐकशील तेव्हा, कितीही वाजले असले तरी, फोन कर.' एवढंच. आवाज शांत ठेवा. आणि स्वतःही प्रयत्न करत राहा, बातमी त्याच्यावर सोपवून मोकळे होऊ नका.

तक्रार करायची आहे, राग आला आहे.

रागात निरोप ठेवू नका. बोललेलं विरतं, पण हे साठून राहतं आणि ज्याची चूक नाही त्याच्याही कानावर पडतं. मी असे निरोप ऐकलेत. दिवसाची सुरुवात त्याने झाली की दुपारपर्यंत हात थरथरायचा, आणि खरं सांगायचं तर त्या निरोपांमध्ये नेमकं काय बिघडलं आहे हेच बहुतेक वेळा सापडायचं नाही. तक्रार क्रमांक, तारीख, काय झालं, काय करून हवंय, एवढं सांगा. तेच कामाला येतं.

नोकरीच्या मुलाखतीनंतर निरोप ठेवावा का?

एकदा, वीस-पंचवीस सेकंदांचा. नाव, कोणत्या जागेसाठी, कोणत्या तारखेला मुलाखत झाली, आणि पुढचं कधी कळेल एवढी विचारणा. 'मला या नोकरीची फार गरज आहे' हे व्हॉइसमेलवर नको.

उत्तर आलं नाही तर पुन्हा किती वेळा ठेवायचा?

कामाचा निरोप असेल तर दोन पूर्ण दिवस थांबा. दुसऱ्यांदा ठेवताना 'मंगळवारीही निरोप ठेवला होता' म्हणा, पण उलटतपासणी करू नका. तिसऱ्यांदा व्हॉइसमेल नको. मेसेज, ईमेल किंवा दुसरं माणूस शोधा. काही लोक व्हॉइसमेल उघडतच नाहीत.

आता फोन निरोपाचा मजकूर करून दाखवतो. त्याने काय बदललं?

बरंच. पहिलं वाक्यच पडद्यावर दिसतं, त्यामुळे नाव आणि काम तिथेच आलं पाहिजे. यंत्र विशेषनामांत आणि भाषा मिसळलेल्या वाक्यांत चुकतं. छोटी, पूर्ण वाक्यं बोला. 'नाही' हा शब्द तर ठासून म्हणा. तो गळला की अर्थ उलटा होतो. 'येणार नाही' ऐवजी 'माझं येणं रद्द झालं आहे' म्हटलं तर आणखी बरं.

व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस नोटला हेच नियम लागू होतात का?

नंबर सोडून जवळजवळ सगळे. तिथे पुसून पुन्हा बोलता येतं, म्हणून लांबण लागते. कामाची व्हॉइस नोट पाठवताना सोबत एक ओळ लिहा: 'गुरुवारच्या बैठकीबद्दल, ४० सेकंद.'

माझ्या स्वतःच्या व्हॉइसमेलवर काय रेकॉर्ड करू?

तुमचं नाव तुमच्याच आवाजात, म्हणजे योग्य ठिकाणी फोन लागल्याची खात्री पटते. मग 'नाव, नंबर आणि काम सांगा', आणि परत फोन साधारण कधी कराल ते. दहा-पंधरा सेकंद पुरेत. गाणं लावू नका. सुट्टीचं ग्रीटिंग परत आल्यावर काढा.

एखादा निरोप कायमचा जपून ठेवायचा आहे. तो फोनमध्ये राहील ना?

त्यावर विसंबू नका. बऱ्याच सेवांमध्ये निरोप ठराविक दिवसांनी आपोआप पुसले जातात, आणि सिम किंवा कंपनी बदलली की उरलेलेही जातात.

माझ्याकडे आईचा एक निरोप आहे, अकरा सेकंदांचा. 'अगं, मी बोलतेय. उचलत का नाहीस? बरं, असू दे. कर मग.' त्यात नाव नाही, नंबर नाही, काम नाही. तो मी तीन ठिकाणी ठेवला आहे. तुमच्याकडेही असा एखादा असेल तर फोनमध्ये निरोप शेअर करण्याची किंवा फाइल म्हणून साठवण्याची सोय आहे का ते बघा. नसेल तर शांत खोलीत बसा, निरोप स्पीकरवर लावा, शेजारी दुसरा फोन ठेवून त्यावर रेकॉर्ड करा, आणि ती फाइल घरातल्या आणखी एकाला पाठवून ठेवा.